इकडे सर्व खुशाल

पोर्तो रिकोतल्या सान हुआन शहरातून पश्चिमेला निघणारा २२ क्रमांकाचा महामार्ग दोरादो गावाजवळून जातो. २०१७च्या सप्टेंबरअखेरीस तिथे रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांगच्या रांग उभी असायची. पुढे अपघात झालेला नसायचा, पोलिसांनी कुणाला अडवलेलंही नसायचं. माणसं गाडीतून उतरून कठड्याजवळ जायची आणि मोबाइल डोक्यावर उंच धरायची. रस्त्याच्या तेवढ्याच टप्प्यात एका टॉवरचा सिग्नल येत होता. ज्यांचा फोन लागे त्यांना सांगायचं थोडकंच असे. आम्ही आहोत. छप्पर गेलं. आई बरी आहे.

२० सप्टेंबरच्या पहाटे, सव्वासहाच्या सुमारास ‘मारिया’ चक्रीवादळ पोर्तो रिकोच्या आग्नेय किनाऱ्यावर याबुकोआजवळ धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. त्याआधी दोनच आठवडे ‘इर्मा’ वादळ बेटाच्या उत्तरेकडून घासून गेलं होतं आणि लाखो घरांतली वीज तेव्हाच गेली होती. मारिया मात्र बेटावरून तिरकं, आग्नेयेकडून वायव्येकडे चालत गेलं आणि दुपारी समुद्रात उतरलं. तेवढ्या काही तासांत संपूर्ण बेटाचं वीजजाळं बंद पडलं, हवामान खात्याचं रडार उडालं आणि ९५ टक्क्यांहून अधिक मोबाइल टॉवर मुके झाले. बेटावर ७८ नगरपालिका आहेत. त्यांपैकी ४८ ठिकाणी एकही टॉवर चालू राहिला नव्हता.

इंग्रजीतला ‘हरिकेन’ हा शब्द याच कॅरिबियन बेटांतला. कोलंबस येण्याआधी इथे राहणारे ताइनो लोक वादळाला ‘हुराकान’ म्हणत. तो शब्द स्पॅनिशात गेला, तिथून युरोपभर आणि मग जगभर पसरला. वादळ इथल्या लोकांना नवं नव्हतं. त्यांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, पाणी भरून ठेवलं होतं, म्हाताऱ्यांना पक्क्या घरांत हलवलं होतं. वादळ निघून गेल्यावर जे पसरलं त्याची तयारी मात्र कुणी केली नव्हती. ती होती शांतता. बेटावर जवळपास ३४ लाख माणसं होती आणि बाहेरच्या जगाला त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता.

ऐकायला कान लावून बसलेले मात्र बेटावरच्या लोकसंख्येहून जास्त होते. पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यामुळे मुख्य भूमीवर जायला त्यांना व्हिसा लागत नाही. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, ऑरलँडो अशा शहरांत आणि त्यांच्या आसपास ५० लाखांहून अधिक पोर्तोरिकन राहतात. जवळजवळ प्रत्येक घराचं एक पाऊल बेटावर आणि एक पाऊल तिकडे. मुंबईतल्या चाकरमान्याचं आणि कोकणातल्या घराचं नातं ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

या ५० लाखांनी फोन लावायला सुरुवात केली. घंटी वाजत नव्हती. मग ते समाजमाध्यमांवर गावांची नावं लिहू लागले: उतुआदोत कुणी आहे का, याबुकोआची काही खबर, माझी आजी अमुक वस्तीत राहते, तिथला रस्ता उघडा आहे का. ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेचा कर्ता लिन-मॅन्युएल मिरांडा याचं कुटुंब मूळचं बेटावरच्या वेगा आल्ता गावचं. लोक एकेका गावाचं नाव घेऊन आपली माणसं शोधताहेत हे पाहून त्याने एक गाणं रचलं, त्यात सगळ्या ७८ नगरपालिकांची नावं गुंफली आणि ६ ऑक्टोबरला ते मदतनिधीसाठी प्रसिद्ध केलं. लोकांना आपल्या गावाचं नाव कुणीतरी उच्चारलेलं ऐकायचं होतं, आणि या गाण्यात एकही गाव वगळलेलं नव्हतं.

पंचवीस शब्दांचा निरोप

सगळं बंद पडलं तेव्हा जुनं यंत्र उपयोगी आलं. सान हुआनमधलं ‘वापा रेडिओ’ हे मध्यम लहरींवरचं केंद्र वादळातही चालू राहिलं. पुढचे कित्येक दिवस त्याचं प्रसारण म्हणजे बेटाचा सामाईक फलकच झाला. कुठला पूल पडला, कुठे पाणी मिळतं, कोण कोणाला शोधतंय, हे सगळं तिथून सांगितलं जाई. लोक केंद्रावर येऊन निरोप देत. घरात ट्रान्झिस्टर आणि त्यात घालायला सेल असतील त्याला बाहेर काय चाललंय ते कळत होतं.

पण रेडिओ केंद्र एकतर्फी बोलतं. बेटावरून बाहेर निरोप न्यायचं काम हौशी रेडिओचालकांनी केलं. त्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. परवाना घेऊन, स्वतःच्या खर्चाने घरी संच बसवून, लघुलहरींवर दूरदूरच्या लोकांशी बोलणारी ही मंडळी. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीकडे येतात, म्हणून मध्ये टॉवर किंवा केबल नसतानाही हजारो किलोमीटर पलीकडे पोहोचतात. गाडीची बॅटरी आणि दोन झाडांमध्ये ताणलेली तार एवढ्यावरही काम भागतं.

अरेसिबोची वेधशाळा हे याचं ठळक उदाहरण. ३०५ मीटर व्यासाची तिची अजस्र तबकडी डोंगरातल्या नैसर्गिक खळग्यात बसवलेली होती. वादळानंतर तिथल्या कर्मचाऱ्यांचं काय झालं हे अमेरिकेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांना कळेना. अखेर वेधशाळेतल्याच एका हॅमचा आवाज लघुलहरींवर आला. माणसं सुखरूप होती. एक लांब अँटेना तुटून खाली तबकडीवर पडली होती. जगातल्या सर्वांत संवेदनशील रेडिओ-कानांपैकी एक असलेल्या त्या जागेची खुशाली एका घरगुती पद्धतीच्या संचावरून कळली.

अमेरिकन रेड क्रॉसने त्या आठवड्यात हौशी रेडिओचालकांच्या राष्ट्रीय संघटनेकडे ५० जण मागितले. या दोन संस्थांच्या संबंधांत एवढी मोठी मागणी पहिल्यांदाच होत होती. शेकडो लोकांनी नावं दिली आणि त्यांतले बावीस जण संच घेऊन बेटावर गेले. त्यांचं मुख्य काम होतं वाचलेल्या लोकांची नावं गोळा करून रेड क्रॉसच्या ‘सुखरूप’ यादीत पोहोचवणं. पुढे रुग्णालयं आणि वीज कंपनीची कामंही त्यांच्याच संचांवरून हलू लागली.

हॅम लोकांकडे अशा निरोपांचा एक शिरस्ता आहे. निरोप साधारण पंचवीस शब्दांत बसवायचा. संपर्क कच्चा असतो, आवाजात खरखर असते, आणि मागे शेकडो लोक खोळंबलेले असतात, म्हणून नेहमीच्या वाक्यांना क्रमांकच देऊन ठेवले आहेत. एक म्हणजे इथे सगळे सुखरूप, काळजी करू नका. दोन म्हणजे शक्य तितक्या लवकर घरी येत आहे. सहा म्हणजे जमेल तेव्हा संपर्क करतो. एवढा क्रमांक पलीकडे पोहोचला की तिथला हॅम पूर्ण वाक्य उलगडतो आणि नातेवाइकांना फोन करून वाचून दाखवतो.

भारतीय तारखात्यातही शुभेच्छांच्या ठरावीक मजकुरांना असेच क्रमांक असत. दिवाळीचा एक, लग्नाचा एक, परीक्षेतल्या यशाचा एक. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण ‘तार आली’ म्हटल्यावर घरातल्या बाईच्या छातीत धस्स होण्याचा काळ अजून लोकांच्या आठवणीत आहे. तार बहुधा वाईटच बातमी घेऊन यायची. खुशाली सावकाश, पोस्टकार्डाने यायची. ‘इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे’ या ओळीने पत्र सुरू व्हायचं, आणि ती वाचून झाली की वाचणारा उरलेलं पत्र निवांत वाचायचा.

या शिरस्त्यात एक कडक नियमही आहे. आपत्तीच्या पहिल्या काही दिवसांत आतून बाहेर जाणाऱ्या निरोपांना आधी वाट द्यायची. बाहेरून आत येणारी ‘अमुक कसा आहे, शोधून सांगा’ अशी विचारपूस थांबवून ठेवायची. बाहेरच्यांना हा नियम निष्ठुर वाटतो, पण त्याचं गणित सरळ आहे. बाहेरून आलेल्या एका चौकशीसाठी कुणाला तरी पडलेल्या झाडांतून वाट काढत एका घरापर्यंत जावं लागतं. तेवढ्या वेळात निवाऱ्यात बसलेले पन्नास जण आपापली नावं सांगू शकतात, आणि त्या पन्नास नावांनी पन्नास घरांची चौकशीच संपते.

याद्यांचा पूर

मारियाच्या बारा वर्षं आधी, २००५च्या ऑगस्टमध्ये, अडचण नेमकी उलटी झाली होती. ‘कतरिना’ वादळाने २९ ऑगस्टला लुइझियानाचा किनारा गाठला, न्यू ऑर्लीन्सचे बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोक बसने, हेलिकॉप्टरने, मिळेल त्या वाहनाने देशभर पांगले. ह्यूस्टनमधलं अॅस्ट्रोडोम हे क्रीडागार निवारा झालं आणि तिथे हजारो माणसांची वस्ती उभी राहिली. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, मूल तिसऱ्याच निवाऱ्यात.

या वेळी इंटरनेट चालू होतं. त्यामुळे वर्तमानपत्रं, टीव्ही वाहिन्या, संस्था, खाजगी माणसं अशा सगळ्यांनीच शोधयाद्या सुरू केल्या. अशा याद्या डझनावारी झाल्या. मुलगी एका यादीत आईला शोधत होती आणि आईने ‘मी सुखरूप आहे’ असं दुसऱ्याच यादीत लिहून ठेवलं होतं. दोघी एकाच दिवशी, एकमेकींपासून दोन क्लिकवर, आणि तरीही हरवलेल्या.

काही संगणकतज्ज्ञांनी आठवडाभरात तोडगा काढला. हरवलेल्या माणसाची नोंद कशी लिहायची, कुठल्या रकान्यात काय भरायचं, याचा एक सामाईक नमुना त्यांनी ठरवला. हजारो स्वयंसेवक घरी बसून वेगवेगळ्या याद्यांतली नावं एकेक करून या नमुन्यात भरू लागले. सहा लाखांहून अधिक नोंदी एका जागी आल्या. पुढे २०१०च्या जानेवारीत हैतीच्या भूकंपानंतर गूगलने माणसं शोधण्याची जी सेवा सुरू केली, ती याच नमुन्यावर उभी होती. २०११च्या जपानमधल्या त्सुनामीत तिचा मोठा उपयोग झाला.

हरवलेल्या मुलांचं काम त्याहून चिकाटीचं निघालं. कतरिना आणि तिच्यामागोमाग आलेल्या ‘रिटा’ वादळात ५,१९२ मुलांची नावं हरवलेल्यांत किंवा आईवडिलांपासून ताटातूट झालेल्यांत नोंदली गेली होती. त्यांतलं शेवटचं प्रकरण २००६च्या मार्चमध्ये मिटलं. वादळाला तेव्हा सहा महिने उलटून गेले होते.

अशी वाट पाहणाऱ्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात ‘संदिग्ध वियोग’ ही संकल्पना मांडली. युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांसोबत काम करताना त्यांना दिसलं की माणूस गेल्याची खात्री झाली की दुःखाला वाट मिळते, परतण्याची खात्री असली की आशेला. दोन्ही नसलं की घर जिथल्या तिथे थिजतं. ताटावर बसायचं की नाही, दिवा लावायचा की नाही, इतक्या साध्या गोष्टी अडतात. एका ओळीच्या निरोपासाठी लोक महामार्गावर तासन्‌तास का उभे राहत होते, ते यातून उमगतं.

फोन का लागत नाही

टॉवर पडल्यामुळे फोन बंद होतात हा समज अर्धाच खरा. बरेच टॉवर वादळातही उभे असतात. त्यांना लागणारी वीज मात्र गेलेली असते. बहुतेक टॉवरना काही तास पुरेल एवढी बॅटरी असते. पुढे जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. रस्ते बंद असले की डिझेलचा टँकर पोहोचत नाही. वीज शाबूत राहिली तरी टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारी फायबर केबल अनेक ठिकाणी विजेच्या खांबांवरूनच गेलेली असते. खांब आडवा झाला की टॉवर धडधाकट असूनही बहिरा होतो.

जे थोडे टॉवर तगतात त्यांच्यावर सगळ्या मुलखाचा भार येतो. फोनवरच्या संभाषणाला अखंड जागा लागते. दोन माणसं बोलत आहेत तोवर ती जागा तिसऱ्याला मिळत नाही. साधा एसएमएस मात्र चिमुकला असतो. त्याला क्षणभराची फट पुरते, आणि फट मिळाली नाही तर तो रांगेत थांबून पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून वादळानंतर ‘ठीक आहोत, घर उभं, पाणी कमी, उद्या सकाळी ८ला पुन्हा’ एवढा एसएमएस दहा मिनिटं लावलेल्या फोनपेक्षा लवकर पोहोचतो. शिवाय समोरच्याची बॅटरी वाचते, आणि ती चार्ज करायला त्याच्याकडे वीज नसते.

जपानने ही अडचण ओळखून एक सोपी सोय केली. १९९५च्या कोबे भूकंपात फोनजाळं कोंडलं होतं. त्यानंतर १९९८ पासून तिथे मोठ्या आपत्तीत १७१ हा क्रमांक सुरू होतो. तो फिरवून आपला दूरध्वनी क्रमांक दाबायचा आणि अर्ध्या मिनिटाचा निरोप ठेवायचा. तो क्रमांक ठाऊक असलेला कुणीही नातेवाईक कुठूनही १७१ फिरवून निरोप ऐकू शकतो. दोघांनी एकाच वेळी फोनवर असण्याची गरज उरत नाही. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ही सेवा सरावासाठी खुली असते, म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचा हात बसलेला राहतो.

अमेरिकेत दुसरा उपाय सांगितला जातो. प्रत्येक कुटुंबाने दूरच्या राज्यातला एक नातेवाईक आधीच ठरवून ठेवायचा. वादळात एकाच शहरातले भाऊ-बहीण एकमेकांना फोन लावू शकत नाहीत, पण दूर राहणाऱ्या मावशीला दोघांचेही निरोप पोहोचू शकतात. मग सगळ्यांनी तिलाच विचारायचं. चाळीस नातेवाइकांनी एका घराला चाळीस फोन करण्यापेक्षा ते बरं.

मारियानंतर काही आठवड्यांनी गूगलच्या मूळ कंपनीने पोर्तो रिकोवर मोठे फुगे सोडले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना परवानगी मिळाली होती. जमिनीपासून सुमारे २० किलोमीटर उंचीवर तरंगत ते खालच्या मोबाइलना एसएमएस आणि जुजबी इंटरनेटपुरती जोडणी देत होते. सात वर्षांनी, २०२४च्या सप्टेंबरअखेरीस ‘हेलीन’ वादळाने नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगराळ भागात पुराचा हाहाकार केला तेव्हा काही लोकांनी साध्या मोबाइलवरून थेट उपग्रहामार्फत निरोप पाठवले. ती सोय आयफोनमध्ये जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी आली होती. त्याच वेळी माउंट मिचेल शिखरावरचा हौशी रेडिओचा पुनर्प्रक्षेपक रात्रंदिवस चालू होता. अडकलेल्यांच्या चौकश्या, औषधांच्या मागण्या, वाटांच्या खबरा त्याच्यावरून धावत होत्या. नवं आणि जुनं शेजारी शेजारी चाललं.

सड्यावरची रेंज

आपल्याकडे ३ जून २०२०च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत जमिनीवर आलं. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरचा वारा. मारियाच्या मानाने निम्मा, पण कोकणच्या त्या किनाऱ्याने एवढं वादळ कित्येक पिढ्यांत पाहिलं नव्हतं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, नारळ मोडले, आंब्याची जुनी झाडं मुळासकट उपटली गेली, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. विजेचे खांब ओळीने झोपले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली भागातल्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले.

त्यात करोनाची टाळेबंदी. मुंबईतल्या मुलाला आईवडिलांचा फोन लागत नव्हता, आणि उठून एसटी पकडायची सोय नव्हती. गावात रेंज कुठे मिळते हे कोकणात ठरलेलं असतं: सड्यावर, घाटीच्या वळणावर, देवळामागच्या चढावर. पण टॉवरच बंद पडल्यावर सडाही मुका झाला. मग एखादा दुचाकीवाला महाडकडे किंवा माणगावकडे निघाला की वाडीतले लोक त्याच्याकडे कागदावर नंबर लिहून देत. तो रेंजमध्ये पोहोचला की एकामागून एक फोन लावी. तुमचे बाबा बरे आहेत, पडवी गेली, बाग गेली, माणसं आहेत. पंचवीस शब्दांतला निरोप इथेही आपोआप जुळला, फक्त त्याला क्रमांक नव्हता.

दुसरा फोन

पहिला निरोप आला की दूरच्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. विचारपूस तिथेच थांबते. मारियाची सगळ्यात कठीण शिकवण इथेच आहे.

२०१७च्या डिसेंबरपर्यंत पोर्तो रिको सरकारच्या लेखी मारियाचे बळी ६४ होते. बुडालेले, दरडीखाली सापडलेले, उडत्या पत्र्याने जखमी झालेले. पण स्मशानं आणि शवागारं वेगळंच सांगत होती. बेटावरच्या आणि न्यूयॉर्कमधल्या पत्रकारांनी मृत्यूंच्या नोंदी आदल्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तर शेकडो मृत्यू जास्त भरत होते. २०१८च्या जानेवारी-फेब्रुवारीत हार्वर्डमधल्या आणि इतर संशोधकांनी ३,२९९ घरं निवडून दारोदार जाऊन विचारलं: वादळाआधी घरात कोण कोण होतं, आता कोण आहे, कोण गेलं, कधी, कशाने. सरासरी घर ८४ दिवस विजेविना, ६८ दिवस पाण्याविना आणि ४१ दिवस मोबाइलविना राहिलेलं आढळलं. लोकांनी सांगितलेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू उपचार वेळेवर न मिळाल्यामुळे किंवा मध्येच तुटल्यामुळे झाले होते. ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. सप्टेंबर ते फेब्रुवारी या सहा महिन्यांत २,९७५ मृत्यू अधिकचे झाले असा त्याचा अंदाज होता. सरकारने तो आकडा अधिकृत म्हणून स्वीकारला. गरीब गावांतली माणसं आणि पासष्टी ओलांडलेले पुरुष सर्वांत जास्त दगावले होते.

म्हणजे बहुसंख्य बळींनी वादळाची रात्र पार केली होती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी फोन लागल्यावर ‘बरे आहोत’ असं सांगितलंही असेल, आणि ते खरंच होतं. इन्सुलिन थंड ठेवायला फ्रिज चालत नव्हता. श्वासाचं यंत्र रात्री बंद पडत होतं. व्येकेस या छोट्या बेटावरचं आरोग्यकेंद्र निकामी झाल्याने तिथल्या डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा विमानाने मुख्य बेटावर जावं लागत होतं. ओढ्याचं पाणी पिणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होत होता, मुंबईतही मोठ्या पावसानंतर ज्याच्या साथी येतात तोच आजार. हे सगळं ‘बरे आहोत’ या दोन शब्दांच्या आत मावून जात होतं.

म्हणून पहिल्या फोनपेक्षा दुसऱ्या फोनला अधिक नेमकं व्हावं लागतं. पाणी कुठून आणता आणि उकळता का? गोळ्या किती दिवसांच्या उरल्या? डायलिसिसची पुढची तारीख कधी आणि तिथवर नेणार कोण? जनरेटर कुठे ठेवलाय? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये लुइझियानात ‘लॉरा’ वादळानंतर अनेक जण घरालगत ठेवलेल्या जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले. वारा थांबला होता, घर उभं होतं, दिवाही लागला होता. आणि मग आठवड्याने पुन्हा फोन, महिन्याने पुन्हा. तोवर बातम्यांतून वादळ उतरलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच घरातला साठा संपत आलेला असतो.

फोन पोहोचत नव्हता तिथे शेजारी पोहोचले. उतुआदोजवळच्या रिओ आबाहो वस्तीचा पूल पुरात वाहून गेला, तेव्हा लोकांनी नदीवर दोर ताणला, त्याला कप्पी लावली आणि दुकानातली सामानाची ढकलगाडी टांगून तिच्यातून पाणी-अन्न पलीकडे नेलं. आपल्या वस्तीला त्यांनी ‘विसरलेल्यांची छावणी’ असं नाव दिलं. उमाकाओजवळच्या पुंता सांतियागोतल्या लोकांनी चौकाच्या डांबरावर मोठ्या अक्षरांत ‘पाणी आणि अन्न हवं’ असं रंगवलं, म्हणजे वरून जाणाऱ्या विमानातून कुणीतरी वाचेल. आदहुन्तास या डोंगरी गावात ‘कासा पुएब्लो’ नावाची १९८० पासूनची लोकसंस्था आहे. तिच्या गुलाबी इमारतीवर बऱ्याच वर्षांपासून सौर पॅनेल होते, त्यामुळे सगळा डोंगर अंधारात असताना तिथे दिवे होते. लोक श्वासाची यंत्रं घेऊन तिथे येत, फोन चार्ज करत. संस्थेच्या लोकांनी हजारो सौर दिवे वाटले, औषधांसाठी लहान फ्रिज पोहोचवले. दिवा द्यायला गेलेला माणूस दारात थांबून घरात कोण आजारी आहे तेही पाहून येई.

पुढच्या वर्षभरात सुमारे एक लाख तीस हजार लोक बेट सोडून गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या घरांत बहुधा म्हातारी माणसं होती, आणि आता त्यांची चौकशी करणाऱ्यांना पुन्हा फोनच लावावा लागणार होता.

२०१८च्या जूनच्या पहिल्या दिवसांत सान हुआनमधल्या विधिमंडळासमोरच्या चौकात लोक बूट आणि चपला आणून ठेवू लागले. हार्वर्डच्या संशोधकांचे आकडे नुकतेच प्रसिद्ध झाले होते आणि सरकारी यादी अजून ६४वरच अडून होती. आधी काही जोड, मग शेकडो. शेतावरचे जुने बूट, रुग्णालयातल्या सपाता, सणासुदीचे काळे पॉलिश केलेले जोडे, लहान मुलांचे कॅनव्हासचे. अनेकांत चिठ्ठ्या होत्या, आणि त्यांवर नाव, वय, गाव. लोक रांगांमधून हळूहळू चालत होते, वाकून चिठ्ठ्या वाचत होते, आणि आपल्या गावाचं नाव दिसलं की तिथे थांबत होते.